शवविच्छेदन केव्हा करावेच लागते?

मागच्या हिवाळ्यात तापीकाठच्या गावचे एक सभासद कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी भरताना त्यांच्या तरुण मुलाला पान लागले आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. गाडी तशीच माघारी फिरली, दिवस उगवायच्या आत सारे उरकले. पुढे अनुदानाचा अर्ज भरायला घेतला, तेव्हा पंचनामा नाही, शवविच्छेदनाचा अहवालही नाही. "अख्खं गाव साक्षीला आहे ना भाऊ!" असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. गाव होते, कागद नव्हता. म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

म्हातारे माणूस आजाराने, डॉक्टरांच्या उपचाराखाली गेले तर शवविच्छेदनाचा प्रश्न येत नाही. डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात आणि 21 दिवसांच्या आत नोंद केली की झाले. परंतु आत्महत्या, खून, अपघात, जनावराने किंवा यंत्राने आलेला मृत्यू, अथवा कोणताही संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांना कळवावेच लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 174 व्या कलमात होते. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 व्या कलमात आहे. पोलीस जागेवर येतात, गावातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठितांसमोर मरणोत्तर पंचनामा करतात, आणि कारणाबद्दल शंका असल्यास किंवा त्यांना जरूर वाटल्यास प्रेत सरकारी डॉक्टरांकडे पाठवतात. विहिरीत पडणे, मोटारीचा शॉक, उसाच्या ट्रॉलीखाली सापडणे, फवारणीचे औषध पोटात जाणे हे सारे यातच आले.

"आम्ही संमती देत नाही, आमच्या माणसाची चिरफाड नको," असे घरचे म्हणतात. त्यांचे दुःख आम्ही समजतो. पण पोलिसांनी कायद्याने पाठवलेल्या प्रेताला नातेवाइकांची संमती लागत नाही. रुग्णालयाला केवळ आजाराच्या अभ्यासासाठी तपासणी करायची असेल तेव्हाच संमती लागते.

सर्पदंशाचे जरा वेगळे आहे. मण्यारीच्या दाताची खूण कित्येकदा दिसतसुद्धा नाही. मग डॉक्टर व्हिसेरा राखून प्रयोगशाळेत पाठवतात आणि अंतिम अहवालाला वेळ लागतो. तोवर धीर धरावा, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. सरकारी रुग्णालयात शवविच्छेदनाला नातेवाइकांकडून फी घेत नाहीत.

लग्नाला सात वर्षे झाली नसतील अशा विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर शवविच्छेदन टळत नाही. सासरचे आणि माहेरचे एकमताने 'नको' म्हणाले तरी नाही. अशा वेळी दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे बहुधा तहसीलदार, चौकशी करतात. माहेरच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे, कारण पुरलेले प्रेत दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने उकरून तपासता येते. राखेचे काय तपासणार?

आपल्यातील पुष्कळ सभासद पंच म्हणून जातात. कोऱ्या कागदावर सही करू नये. अंगावरच्या खुणा, कपडे, जागा यांबद्दल जे लिहिले ते वाचवून घ्यावे आणि स्वतः पाहिले असेल त्यावरच सही करावी. पाच-सहा वर्षांनी कोर्टात साक्षीला जायचे झाले, तर तीच सही पुढे येते.

प्रेत संध्याकाळी पोहोचले तर बहुधा सकाळपर्यंत थांबावे लागते. सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला केंद्र सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये मुभा दिली. मात्र खून, आत्महत्या किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सहसा दिवसाच होतात. तालुक्याला सोय नसली तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात.

आता अनुदान. एप्रिल 2023 पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये आहेत. वय 10 ते 75, आणि खातेदाराबरोबर घरातील एक बिगरखातेदारही बसतो. सर्पदंश, वीज, शॉक, बुडणे यांचा समावेश आहे, आत्महत्येचा नाही. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि पोलिसांचा पंचनामा आधी गोळा करावा. शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन मागावी आणि त्या अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.