घटक ४ : डोंगरवाटेचे प्रवासवर्णन

४.१ प्रास्ताविक

प्रवासवर्णन लिहिण्यासाठी दूरदेशीच जावे लागते, असा समज रूढ आहे. उत्तर आफ्रिकेतील ॲटलास आणि बीड जिल्ह्यातील बालाघाट या दोन डोंगररांगांच्या आधारे तो समज या घटकात तपासून पाहू.

४.२ दोन डोंगररांगा

ॲटलास पर्वत मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया या देशांत सुमारे २,५०० किलोमीटर पसरला आहे. मोरोक्कोतील तुबकाल हे त्याचे सर्वोच्च शिखर ४,१६७ मीटर उंच आहे. समुद्राकडून येणारे बाष्प हा पर्वत अडवतो. त्यामुळे उत्तर उतारावर शेती आणि वनराई, तर दक्षिणेस सहाराचे वाळवंट असे चित्र दिसते. तुबकालचे गिर्यारोहक बहुधा इम्लिल या गावातून निघतात. त्यांचे सामान खेचरांच्या पाठीवर असते.

बालाघाट उंचीने अगदीच ठेंगणा. तो स्वतः सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. मात्र त्याच्या माथ्यावर पाण्याची वाटणी होते : बीडकडे उतरणारे पाणी बिंदुसरा व सिंदफणा यांवाटे गोदावरीला मिळते, तर आष्टीकडचे सीनेवाटे भीमेला. पावसाळ्यात सौताडा आणि कपिलधार येथील धबधबे पाहण्यास लोक जातात. कपिलधारला ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी आहे.

४.३ चालण्याचे कारण

इम्लिलच्या वाटेवर दोन माणसे बरोबर चालतात. गिर्यारोहक शिखर गाठण्यासाठी चालतो, खेचर हाकणारा अमाझिग माणूस मजुरीसाठी. पहिल्याच्या लेखनात थंडी, उंची आणि सूर्योदय येतील. दुसऱ्याने लिहिले, तर ओझे, जनावराचा खूर आणि घरचा खर्च येईल. वाट एकच असली, तरी प्रवास दोन आहेत.

बालाघाटातही हेच घडते. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेसाठी दिंड्या कपिलधारकडे येतात. त्याच सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कुटुंबे कोयता, भांडी आणि लेकरे घेऊन घाट उतरतात. कारखान्याच्या परिसरात कोपी घालून ती अनेक महिने राहतात. या प्रवासाला आपण ‘स्थलांतर’ म्हणतो. ‘प्रवास’ म्हणत नाही. हा भेद साहित्याने मान्य करावा काय?

या प्रश्नाचे एक उत्तर मराठीत आधीच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे, या हेतूने उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या उठावात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. पोटासाठी निघालेल्या माणसाचे हे लेखन आज मराठीतील महत्त्वाचे प्रवासवर्णन मानले जाते.

४.४ समारोप

प्रवासवर्णनाचे मोल अंतरावर किंवा शिखराच्या उंचीवर ठरत नाही. कोण चालतो, कशासाठी चालतो आणि वाटेत भेटलेल्या माणसाकडे कसे पाहतो, यांवर ते ठरते. तुमच्यापैकी काहींनी हा घाट हौसेने ओलांडला असेल, काहींनी आईवडिलांबरोबर कारखान्यावर जाताना. दोन्ही अनुभव लेखनास सारखेच पात्र आहेत. दुसरा मात्र अजून फारसा लिहिला गेलेला नाही.

स्वाध्याय

१. ‘स्थलांतर’ आणि ‘प्रवास’ या संकल्पनांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एका वाटेचे वर्णन दोन वेगळ्या कारणांनी चालणाऱ्या व्यक्तींच्या दृष्टीने लिहा.