वंशावळीतील मातृकुळ : शोध आणि साधने

मराठीतील कुलवृत्तान्त हा बव्हंशी पितृकुळाचा इतिहास असतो. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पौत्र आणि त्यांच्या शाखा हा त्याचा रूढ क्रम. या क्रमात स्त्रीची नोंद झालीच, तर ती दोन ठिकाणी होते : माहेरच्या ग्रंथात कन्या म्हणून आणि सासरच्या ग्रंथात पत्नी म्हणून. विवाहानंतर आडनावाबरोबर पुष्कळदा नावही बदलत असल्याने या दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत, हे सहजी ध्यानात येत नाही. मातृकुळाच्या शोधातील मोठी अडचण आहे ती या तुटलेल्या दुव्याची.

प्रत्येक व्यक्तीला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा असतात. या हिशेबाने सातव्या पिढीत १२८ पूर्वज येतात. पितृवंशावळ त्यांपैकी एकाच पुरुषापर्यंत पोचते. मामेबहिणीशी विवाह झाला असल्यास ही संख्या घटते. अशा दांपत्याच्या अपत्यांना पणजी-पणजोबांच्या पिढीत आठाऐवजी सहाच पूर्वज असतात, कारण दोन्ही कुळे तेथे एकत्र येतात.

मातृकुळाची स्मृती समाजाने जपलीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. विवाहसंबंध ठरविताना तिची गरज पडे. सापिंड्याची मर्यादा याज्ञवल्क्यस्मृतीने मातेकडून पाच व पित्याकडून सात पिढ्यांची मानली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती अनुक्रमे तीन व पाच पिढ्यांवर आणली. दोन्ही ठिकाणी मातृपक्ष गणला जातो. तथापि पितृपक्षापेक्षा कमी अंतरापर्यंत.

श्राद्धविधीतील नामोच्चार या दृष्टीने अधिक बोलका आहे. पितृत्रयीत पिता, पितामह व प्रपितामह येतात. मातृत्रयीत माता, पितामही व प्रपितामही येतात. म्हणजे ‘मातृ’ हे नाव असूनही या तिघी पितृकुळात विवाहाने आलेल्या स्त्रिया होत. मातामहत्रयीत आईचे वडील, आजोबा व पणजोबा येतात. आईच्या आईची आई मात्र या तिन्ही त्रयींत कोठेही नाही. आईकडून आईकडे जाणारी सरळ रेषा या मांडणीत संभवतच नाही.

केवळ मातृनामावरून मातृवंशाचे अनुमान काढणेही योग्य नव्हे. सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी मातृनामे धारण करीत. नाशिकच्या लेणी क्रमांक ३ मधील लेखात गौतमी बलश्री स्वतःला राजमाता व राजपितामही म्हणविते. तरीही राज्य पित्याकडून पुत्राकडे गेले. मातृनामाने मातेची ओळख टिकते, वारसा बदलतोच असे नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय नोंदींत महाराष्ट्राने नावानंतर आईचे नाव आवश्यक केले आहे; त्याचाही विचार हा भेद ध्यानी ठेवूनच करावा लागेल.

म्हणून संशोधकाने एका घराण्याचा ग्रंथ एकटा वाचू नये. सासरच्या ग्रंथातील पत्नीचे माहेर, गाव व पित्याचे नाव घेऊन माहेरच्या ग्रंथातील कन्येशी ताडून पाहावे; नंतर तिच्या आईसाठी तिसऱ्या घराण्याकडे वळावे. प्रत्येक पिढीला ग्रंथ बदलावा लागतो, आणि जेथे ग्रंथ नाही तेथे वारसनोंदी, जन्ममृत्यूच्या नोंदी व घरातील वृद्ध स्त्रियांची स्मृती हीच साधने उरतात. यांपैकी शेवटचे साधन सर्वांत आधी नाहीसे होते. म्हणून कामाचा आरंभ तेथूनच व्हावा.