लग्नाच्या फोटोंचा पोर्टफोलिओ: पार्टीसमोर काय ठेवायचं?

मागच्या व्हिडिओत दर कसा ठरवायचा ते बघितलं. आज त्याच्या एक पायरी आधीचं बोलू. पार्टी समोर येऊन बसली आहे, चहा झालाय, आता अल्बम उघडायचा. पुढच्या वीस मिनिटांत काय करायचं?

आधी एक किस्सा. माझ्या बॅचला एक मुलगा होता. कॅमेरा आणि दोन लेन्स हप्त्यावर घेतलेल्या. पोर्टफोलिओ मात्र एकदम भारी. पहिल्याच मोठ्या पार्टीत मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "हे लग्न कुठल्या हॉलला झालं हो?" मुलगा गप्प. कारण ते लग्नच नव्हतं! वर्कशॉपमध्ये मॉडेलला नटवून उभं केलं होतं आणि पंधरा जणांनी एकाच जागेवरून तेच फोटो काढले होते. ऑर्डर गेलीच, वर त्या घरच्यांनी पाहुण्यांत काय सांगितलं असेल ते वेगळंच. हप्ता काय थांबतो का? तो दर महिन्याला कापला जात होता.

वर्कशॉपचे फोटो दाखवायला हरकत नाही, पण ते वर्कशॉपचे आहेत हे आपणहून सांगा. दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली काम केलं असेल तर त्याची परवानगी घ्या आणि तसंच सांगा. स्वतःचं लग्नाचं काम अजून नाही? मग मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं दाखवा. गर्दी, घाई आणि रुसलेले पाहुणे तिथेही असतात.

आता मुख्य गोष्ट. दहा लग्नांतले निवडक शंभर फोटो दाखवण्यापेक्षा एकच लग्न सकाळपासून रात्रीपर्यंत दाखवा. पन्नास-साठ फोटो पुष्कळ झाले. दहा लग्नांत दहा चांगले फोटो कुणालाही मिळतात. घरच्यांना जाणून घ्यायचं असतं की आपला अख्खा दिवस हा माणूस सांभाळेल का. हळद, सीमांतपूजन, सप्तपदी, पंगत, पाठवणी, सगळं ओळीने हवं. त्यात अंतरपाटाचा फोटो नक्की हवा. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात आणि त्याच क्षणी चार मामा मोबाईल वर करून तुमच्या पुढे उभे राहतात. तो क्षण परत करून मागता येत नाही. तुम्ही आधीपासून योग्य जागी होता की नाही, ते त्या एका फोटोत कळतं.

हॉलच्या वाईट उजेडातलाही एखादा फोटो ठेवा. स्टेजवरच्या रंगीत एलईडीने चेहरे जांभळे पडतात, ते तुम्ही कसे सावरले हे दिसू दे. आणि कृपा करून नवरीला एडिटिंगमध्ये गोरं करू नका. आईला आपल्या मुलीचा रंग माहीत असतो. शिवाय हळदीचा पिवळेपणा त्यात धुऊन जातो तो वेगळाच.

समोर बसलेला प्रत्येकजण वेगळं काही बघत असतो. मुलगी बहुतेक वेळा इन्स्टाग्रामवर तुमचं काम बघूनच आलेली असते. आई मात्र ग्रुप फोटो शोधते. आत्या, मावशी, आजी सगळे नीट आलेत ना? बरेच नवीन कॅन्डिडवाले हे फोटो जुनाट म्हणून काढून टाकतात. माझ्या मते ही सगळ्यात महाग चूक आहे. वडील बोलतात शेवटी, आणि पैशांबद्दलच. म्हणून किती दिवस, किती माणसं, अल्बमची किती पानं, किती दिवसांत मिळणार, हे एका कागदावर तयार ठेवा. मात्र तो कागद अल्बम बघून झाल्यावरच काढा.

छापलेला अल्बम एक तरी हवाच. तो त्यांच्या हातात द्या आणि पानं उलटताना गप्प बसा. "इथे बघा लाइट कसा घेतलाय" असलं काही नको! ज्या पानावर त्या थांबतात ते लक्षात ठेवा, बोलणं तिथून सुरू करा. नंतर फोटो पाठवायचे झाले तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखे पाठवले की दर्जा उतरतो.

एक कायद्याची गोष्ट, जी खूप जणांना माहीतच नसते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसेल, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणजे तुम्हीच काढलेले फोटो पोर्टफोलिओत लावायलाही त्यांची परवानगी लागते. बुकिंगच्या कागदावरच तशी एक ओळ घाला आणि सही घ्या. कुणी नको म्हणालं तर विषय तिथेच संपला.

हे सगळं करायला चातुर्मास उत्तम, कारण मुहूर्त जवळजवळ नसतात. तुळशीचं लग्न झालं की परत श्वास घ्यायला वेळ मिळत नाही.

तो मुलगा? त्याने वर्कशॉपचे सगळे फोटो काढले आणि मामेबहिणीच्या लग्नाचा साधा अल्बम छापून घेतला. त्यावर पहिली ऑर्डर मिळाली ती एका मुंजीची. पुढच्या व्हिडिओत अॅडव्हान्स किती घ्यायचा ते बघू.