बापाचे घर उभे राहू द्या
मुलांना घरासाठी पैसे देताना : एक कौटुंबिक पाठ



आपल्या देवगाव फाट्यावरून गाडीत बसून आपली मुले शिकायला आणि कामाला बाहेर पडली. कुणी वाळूजच्या कारखान्यात, कुणी पुण्यात, कुणी मुंबईच्या दवाखान्यात. काही वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर एक दिवस फोन येतो, "पप्पा, एक फ्लॅट बघितलाय. बँक कर्ज देते, पण सुरुवातीचे पैसे आपले लागतात."

मुलाचे म्हणणे खरे असते. बँक पूर्ण किंमत देत नाही. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जात जास्तीत जास्त ८० टक्के, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटसाठी ३२ लाख कर्ज काढले तरी ८ लाख रुपये हातचे लागतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यावर. एवढी रक्कम तरुण नोकरदाराकडे कुठून असणार? मग आईबाप एकमेकांकडे बघतात. कपाशीचे आणि सोयाबीनचे साठवलेले पैसे, निवृत्तीची रक्कम, आईचे दागिने, नाहीतर एक एकर जमीन.

द्यावे की न द्यावे? द्यायचे तर कसे? या रविवारी आपण या प्रश्नाचा विचार करू.

उधळ्या पुत्राचा बाप

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायातला दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. धाकटा मुलगा वाटा मागतो आणि बाप तो देतो. पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे. परंतु घरातल्या पैशाच्या दृष्टीने हा दाखला वाचला तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली, बापाने दिले. मुलाचा हात रिकामा परतवला नाही. संत पौलही करिंथकरांना लिहिताना सांगतो की साठवण्याचे काम आईवडिलांचे मुलांसाठी असते. तेव्हा मुलाच्या घराला हातभार लावणे ही काही चूक नव्हे, ते प्रेमाचेच काम आहे.

दुसरी, बापाने सगळे दिले नाही. घर, शेत, गुरे, चाकर मागे राहिले. म्हणूनच मुलगा उपाशी पोटी परतला तेव्हा त्याला परत यायला जागा होती. बापाने घरही विकून दिले असते तर मिठी मारायला दार कुठले उरले असते?

तिसरी, थोरला भाऊ रागावला. आपल्याला कधी एक करडूसुद्धा मिळाले नाही, ही त्याची तक्रार होती. एका लेकराला दिले की दुसऱ्याच्या मनात हिशेब सुरू होतो. तो हिशेब त्या काळी होता, आजही आहे.

या तीन गोष्टी मनात ठेवून पुढे जाऊ.

आधी ठरवा : भेट, उसने की वाटा?

पुष्कळ घरांत भांडण पैशामुळे होत नाही, न बोलल्यामुळे होते. बापाला वाटते आपण उसने दिले. मुलाला वाटते पप्पांनी दिले. बहिणीला वाटते भावाला त्याचा वाटा मिळाला. तिघेही प्रामाणिक असतात आणि तिघांच्या मनात वेगवेगळे असते.

म्हणून पैसे देण्याआधी एक शब्द ठरवावा.

भेट असेल तर ती परत मागू नये आणि सणासुदीला चारचौघांत बोलून दाखवू नये. आईवडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर, रक्कम कितीही असो, मुलाला आयकर लागत नाही. बँकेला दाखवण्यासाठी भेटीचे साधे पत्र लिहून ठेवावे.

उसने असेल तर कागद करावा. किती, केव्हा, कसे परत द्यायचे, ते लिहून दोघांनी सही करावी. उसने पैसे कोर्टातून वसूल करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. म्हणून मुदत संपण्याआधी नव्याने लिहून सही घ्यावी. यात अविश्वास नाही. आठवण कमी होते, कागद बोलतो.

वाटा असेल, म्हणजे पुढे वडिलांच्या मालमत्तेतून जे मिळायचे ते आजच दिले असेल, तर ते सर्व भावंडांसमोर सांगावे आणि मृत्युपत्रात लिहावे. हे का, ते आता पाहू.

आपला वारसा कायदा काय म्हणतो?

आपण ख्रिस्ती. शेजारच्या हिंदू बांधवांचा वारसा कायदा वेगळा, आपला वेगळा. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. (ज्यांच्या कागदांवर धर्माची नोंद वेगळी आहे त्यांनी वकिलाला आधी विचारावे.) या कायद्याप्रमाणे माणूस मृत्युपत्र न करता वारला, आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान मिळते. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही.

त्याच कायद्यात कलम ४९ आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. बापाने जिवंतपणी एखाद्या मुलाला पैसे किंवा मालमत्ता दिली असेल, तर मृत्युपत्र नसताना वाटणी करताना ती रक्कम धरली जात नाही.

उदाहरण घेऊ. समजा, वडिलांनी थोरल्याला पुण्याच्या फ्लॅटसाठी ६ लाख रुपये दिले. मनात होते की हाच त्याचा वाटा. मृत्युपत्र केले नाही. वारले तेव्हा मागे १८ लाखांची मालमत्ता, पत्नी आणि तीन लेकरे. कायद्याने आईला ६ लाख. उरलेले १२ लाख तिघांत समान, म्हणजे प्रत्येकी ४ लाख. थोरल्याचे मिळून १० लाख झाले, धाकट्याचे आणि मुलीचे चार-चारच. वडिलांच्या मनात जे होते ते त्यांच्याबरोबर कबरीत गेले. मग दफनविधीनंतर चाळीस दिवसही होत नाहीत तोच भावाभावांत अबोला सुरू होतो.

एका कागदाने हे टळते. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते, नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या पतीने-पत्नीने साक्षीदार होऊ नये. नाहीतर त्याला दिलेले रद्द ठरते. लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नाने रद्द होते, हेही ध्यानात असावे. विधुराने किंवा विधवेने पुन्हा लग्न केले तर नवे मृत्युपत्र करावे.

मुलींना विसरू नका

"तिच्या लग्नात दिलं की," असे आपण सहज म्हणतो. वरच्या कलमाप्रमाणे लग्नात दिलेलेही वाटणीत धरले जात नाही. गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाचा वाटा मागतात आणि देव म्हणतो की त्यांचे बरोबर आहे. मुलाच्या फ्लॅटला पैसे दिले तर मुलीलाही विचारा. कदाचित तिला नको असेल. पण विचारलेले तिच्या मनात राहील.

घर मुलाच्या नावावर, पैसे आपले

हा विषय बोलायला जड आहे, तरी बोलले पाहिजे. आईवडिलांनी आयुष्याची कमाई मुलाच्या फ्लॅटमध्ये घातली, घर एकट्या मुलाच्या नावावर झाले, आणि देव न करो, मुलगा आधी गेला. मुलाने मृत्युपत्र केले नसेल तर आपल्या कायद्याप्रमाणे त्याच्या पत्नीला एक तृतीयांश आणि त्याच्या लेकरांना दोन तृतीयांश. लेकरे असताना आईवडिलांना त्यात वाटा नाही. हिंदू वारसा कायद्यात आईला वाटा असतो. आपल्याकडे तसे नाही.

यात सुनेवर संशय घेण्याचे कारण नाही. तिच्याही पदरात लहान मुले असतात. पण म्हाताऱ्या आईवडिलांनी उघड्यावर पडावे असेही कुणाच्या मनात नसते. म्हणून मोठी रक्कम देणार असाल तर खरेदीखतात आपले नाव घालावे, किंवा उसन्याचा कागद करावा, किंवा मुलाने मृत्युपत्रात आईवडिलांची सोय लिहावी. सुनेला समोर बसवून हे ठरवावे, तिच्या पाठीमागे नव्हे.

राहते घर नावावर करून देताना

काही जण पैसे नसले तर राहते घर किंवा शेत मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, इतर खर्च वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई होते. पण नोंदणी झालेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येते.

मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईने २०१९ मध्ये आपली मालमत्ता मुलाला बक्षीस दिली. मुलगा सांभाळ करील, असे ठरले होते. तसे झाले नाही, अशी तक्रार घेऊन ती उपविभागीय अधिकाऱ्याकडे गेली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने शेवटी तिच्या विरुद्ध निकाल दिला. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून घर तिला परत देण्याचा आदेश दिला. त्यासाठी आधार होता २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा, कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. मात्र डिसेंबर २०२२ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने सांगितले होते की अशी अट होती हे दिसले पाहिजे. म्हणून बक्षीसपत्र करायचेच असेल तर दोन ओळी त्यातच लिहून घ्या : आम्ही दोघे हयात असेपर्यंत या घरात राहू, आणि अन्न, औषध व सांभाळ मुलाने करायचा.

जुन्या करारातील बेनसिराच्या ग्रंथात, तेहतिसाव्या अध्यायात, हाच सल्ला आहे. जिवंत आहेस तोवर आपल्यावरचा अधिकार मुलाच्या हाती देऊ नकोस, नाहीतर दिलेले परत मागत बसावे लागेल, असे तो जाणता माणूस सांगतो. शेवटच्या वेळी वाटून दे, असेही तो म्हणतो. दोन हजार वर्षांहून जुना हा शहाणपणा आहे.

जामीन राहण्याआधी

पैसे नसले तरी सही मागितली जाते. "फक्त सही आहे पप्पा." कर्जाला जामीन राहणे म्हणजे फक्त सही नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक थेट जामीनदाराकडेही येऊ शकते. तेव्हा सही करण्याआधी विचारा : महिन्याचा हप्ता किती? मुलाचा पगार किती? नोकरी सहा महिने गेली तर हप्ता कुठून? बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे.

काही साध्या सूचना

१. औषधपाण्याचा पैसा आणि डोक्यावरचे छप्पर यांना हात लावू नये. त्यातून उरेल ते द्यावे.
२. पैसे बँकेतून द्यावेत. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देण्याघेण्यास कायद्याची मनाई आहे.
३. जमीन विकणार असाल तर आधी सातबारा पाहा. भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही.
४. कमी दिले म्हणून लाजू नये. मुलाला दोन वर्षे थांबून लहान घर घ्यायला सांगणे हीसुद्धा मदतच आहे.

मुलांना दोन शब्द

तरुण मित्रांनो, आईवडील "नाही" म्हणाले तर त्यांचे प्रेम कमी आहे असे समजू नका. त्यांनी दिले तर त्यामागे किती उन्हाळे आहेत ते आठवा. आईवडिलांसाठीचा पैसा देवाला वाहिला असे सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूने मार्कच्या सातव्या अध्यायात कठोर शब्दांत सुनावले. आज कुणी तसे म्हणत नाही, पण "घराचा हप्ता आहे" असे म्हणतो. नव्या घरात आईवडिलांसाठी एक खाट आधीच मांडा.

घरी बसून बोलण्यासाठी

• आपण मुलांना आजवर जे दिले ते भेट, उसने की वाटा? सर्वांना तसेच वाटते का?
• आपण दोघांनी मृत्युपत्र केले आहे का? नसेल तर कोणत्या महिन्यात करू?
• आपल्यापैकी एक मागे राहिला तर तो कोणत्या घरात राहील?

या आठवड्यात एका संध्याकाळी रोझरी झाल्यावर टीव्ही बंद ठेवून हे तीन प्रश्न विचारा. बाहेरगावी असलेल्या लेकरांना फोनवर घ्या. दाखल्यातल्या बापाचे हात मोठे होते, आणि त्याचे दारही उघडे होते. आपलेही तसेच असो. देव आपल्या प्रत्येक घराला आशीर्वाद देवो. आमेन.