हिऱ्यांचा ग्रह : माप आणि अदमास

मंडळी, पुष्य नक्षत्र आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पावसाला आपण म्हातारा पाऊस म्हणतो. हे नक्षत्र कर्क राशीत येते. त्याच राशीत ५५ कॅन्क्री नावाचा एक मंद तारा आहे. काळ्याकुट्ट रात्री तो डोळ्यांना जेमतेम दिसतो. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ४१ वर्षे लागतात.

तारा म्हणजे दूरचा सूर्यच. आपल्या सूर्याभोवती पृथ्वी फिरते, तसे या ताऱ्याभोवतीही ग्रह फिरतात. त्यांतला एक फार तापलेला आहे. त्याचा शोध २००४ साली लागला.

इतक्या दूरच्या ग्रहाला मापायचे कसे? ग्रह ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. किती कमी झाला, यावरून ग्रहाचा आकार कळतो. किती वेळाने पुन्हा कमी झाला, यावरून त्याची फेरी कळते. ग्रहाच्या ओढीने तारा थोडा हलतो. त्यावरून वजन कळते.

आता मापे पाहू. हा ग्रह पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे. वजन सुमारे आठपट. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला एक वर्ष लागते. याची फेरी अठरा तासांच्या आत होते. सकाळी सहाला निघाला, की मध्यरात्रीच्या आधी फेरी पुरी! ताऱ्याला तो अगदी खेटून आहे. मग तापणार नाही तर काय? पाणी १०० अंशांवर उकळते. या ग्रहाची उजेडाकडची बाजू वेब दुर्बिणीने मापली. ती सुमारे दीड हजार अंश भरली. एवढ्या आचेत दगडही वितळतो.

२०१२ साली मूळचे भारतीय शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन व त्यांचे सोबती यांनी एक अदमास मांडला. ताऱ्यात कार्बन पुष्कळ असेल, तर ग्रहाच्या पोटात हिरे असू शकतील, असे ते म्हणाले. पण लोकांनी 'तर' हा शब्द गाळला. 'हिऱ्यांचा ग्रह सापडला' अशी बोलवा झाली. २०१३ साली ताऱ्यातला कार्बन पुन्हा मापला. तो ऑक्सिजनपेक्षा कमी भरला. हिऱ्यांची गोष्ट डळमळली. फेरीचे माप मात्र जागच्या जागी राहिले.

खळ्यावर ज्वारीची रास पडते. कोणी म्हणतो, वीस पोती होतील. तो अदमास. पोती भरून मोजली, ते माप. अदमास करणे वाईट नाही. अदमासाशिवाय पोती किती आणावी, हे कसे कळणार? पण अदमासावर उसनवारी करू नये.

आपण आता वाचू लागलो आहोत. छापलेले सगळेच मापलेले नसते. 'असेल', 'असावे', 'तर' हे शब्द लहान आहेत. ते बोट ठेवून वाचावेत.

प्रश्न
१. या ग्रहाची एक फेरी किती वेळात होते?
२. हिऱ्यांची गोष्ट माप की अदमास? का?
३. अलीकडे ऐकलेली एक बातमी सांगा. तिच्यात मापलेले काय, अदमासाचे काय?