गॅमा-किरण स्फोटांचा अभ्यास: हे करिअर कुणासाठी?

'खगोलशास्त्र शिकून नोकरी कुठे मिळणार?' हा पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ठोस उत्तर द्यायला हवं. म्हणून सगळ्या खगोलशास्त्राबद्दल मोघम न बोलता एकच काम घेऊ: अवकाशातल्या दुर्बिणींनी गॅमा-किरण स्फोट टिपणं. हे काम भारतात, त्यातही पुण्या-मुंबईत, आज प्रत्यक्ष चालू आहे.

अजस्र तारा कोसळून त्याचं कृष्णविवर होतं तेव्हा, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा, काही क्षण गॅमा-किरणांचा प्रचंड झोत बाहेर पडतो. पृथ्वीचं वातावरण हे किरण अडवतं, त्यामुळे यंत्र वरच न्यावं लागतं. पहिला स्फोट 1967 साली अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी नोंदवला. ते सोडले होते चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला! पुढे नासाचे स्विफ्ट (2004) आणि फर्मी (2008) खास अशा कामांसाठी गेले. भारताचा अ‍ॅस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावला. त्यावरचं सीझेडटीआय हे उपकरण 6 ऑक्टोबरला सुरू झालं आणि त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच्या नोंदी पाचशेच्या पुढे गेल्या.

स्फोट कधी होईल, आकाशात कुठे होईल, काहीच आधी कळत नाही. शोधयंत्रावर रात्रंदिवस वैश्विक किरणांचा मारा चालू असतो. त्या गोंगाटातून खरा स्फोट वेगळा काढायचा आणि जगभरच्या वेधशाळांना लगेच कळवायचं, हे रोजचं काम. जानेवारी 2017 मधली एक घटना मला मुलांना आवर्जून सांगावीशी वाटते. 4 तारखेला गुरुत्वीय लहरींची नोंद झाली. तिचा उगम शोधताना हवाईतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला आकाशात एक मावळता प्रकाशबिंदू दिसला. हाच तो उगम असेल का? अ‍ॅस्ट्रोसॅटची माहिती तपासली तेव्हा 5 तारखेला झालेला एक गॅमा-किरण स्फोट सापडला. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचीही मदत झाली आणि निष्कर्ष निघाला: तो बिंदू म्हणजे या वेगळ्याच स्फोटाची मागे उरलेली चमक होती, त्या लहरींशी तिचा संबंध नव्हता. 'हे ते नव्हे' असं पुराव्यानिशी सांगणं हाही या क्षेत्रात मोठा शोध असतो. ज्या मुलाला अशा तपासात रस वाटतो, त्याने इकडे जरूर यावं. केवळ तेजोमेघांचे रंगीत फोटो आवडतात म्हणून येणाऱ्याची मात्र निराशा होईल, कारण इथे दिवस जातो तो आलेख, आकडे आणि प्रोग्रॅमिंगमध्ये.

आता वाट. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. पुढे चांगल्या कॉलेजातून बीएस्सी, पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेतला अभ्यासक्रम, किंवा तिरुवनंतपुरमची आयआयएसटी. बीएस्सीनंतर 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येतं. पीएचडीसाठी आयुका, एनसीआरए, टीआयएफआर, आयआयटी मुंबई ही जवळची ठिकाणं. प्रवेशपरीक्षांचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. इंजिनीअरिंगवाल्यांनाही इथे जागा आहे. शोधयंत्रं, इलेक्ट्रॉनिक्स, उपग्रहावरचं सॉफ्टवेअर हे सगळं कुणीतरी बनवावं लागतंच. आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने 'दक्ष' ही दोन उपग्रहांची मोहीम प्रस्तावित आहे. तिच्यासारख्या कामांना भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते दोघेही लागतात.

पैशांचं स्पष्ट बोलू. पीएचडीच्या काळात शिष्यवृत्ती मिळते: 2023 मध्ये ठरलेल्या दरानुसार ज्युनियर रिसर्च फेलोला महिना 37 हजार, नंतर 42 हजार रुपये, शिवाय घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. त्यानंतर बऱ्याच जणांना काही वर्षं परदेशात तात्पुरत्या संशोधनपदांवर काढावी लागतात. कायम प्राध्यापकपदं थोडी आणि स्पर्धा मोठी आहे. मुलाची तिशी उलटेपर्यंत 'सेटल' हा शब्द घरात काढायचा नाही, एवढी तयारी पालकांनी ठेवावी. पण संशोधनात जागा नाही मिळाली तर शिक्षण वाया जातं, ही भीती खरी नाही. सीझेडटीआयमध्ये कॅडमियम झिंक टेल्युराइडची शोधयंत्रं आहेत. तशीच आज हॉस्पिटलमधल्या तपासणी यंत्रांतही वापरतात. गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढण्याचं संख्याशास्त्र बँकांपासून सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत सगळीकडे चालतं.

विद्यार्थ्यांनो, हे काम आपल्याला आवडतं का ते पाहून घ्यायला पदवीची वाट बघू नका. फर्मीच्या नोंदी सर्वांसाठी मोफत खुल्या आहेत. थोडं पायथन शिका, एका स्फोटाची माहिती उतरवून घ्या, त्याचा वेळेनुसार आलेख काढा आणि तो किती सेकंद चालला ते स्वतः मोजा. दोन सेकंदांहून कमी भरला तर तो बहुधा ताऱ्यांच्या टकरीचा, जास्त भरला तर बहुधा कोसळलेल्या ताऱ्याचा. अपवाद निघतात, आणि सध्या चर्चा त्यांचीच जास्त आहे.

पालकांना विनंती एवढीच: बारावीच्या निकालाच्या आठवड्यात हा निर्णय कायमचा करून टाकू नका. आधी पदवीची दोन वर्षं होऊ द्या, एका सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेत उन्हाळी प्रकल्प करू द्या आणि मग मुलाशी किंवा मुलीशी बसून बोला.