निःपक्ष परीक्षेचे मोल

शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली
वैशाख शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. हळदीची पट्टी हाती येताच तुझ्या दादाने ट्रॅक्टर घेण्याचे निश्चित केले असून त्याच्या निम्म्या किमतीचा भार तू उचलणार आहेस, आणि याच सुमारास पुण्याच्या तुमच्या बिऱ्हाडासाठी फ्रीज व पाणी शुद्ध करण्याचे यंत्रही घ्यावयाचे आहे, हे वाचून संतोष झाला. वस्तूंची परीक्षा करून तिचे निष्कर्ष केवळ वर्गणीदारांस पुरविणाऱ्या संस्थांना पैसे देणे शहाणपणाचे आहे काय, की मोबाईलवर फुकट मिळणारे अभिप्राय पुरेसे आहेत, हा तुझा प्रश्न दिसावयास लहान असला तरी संसारात तो पुनःपुन्हा उभा राहणार आहे. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहितो.

सल्ला कितीही गोड असो, सल्लागाराचा चरितार्थ कोणाच्या पैशावर चालतो ही चौकशी त्याआधी झाली पाहिजे. यंत्र विकण्याच्या कामी ज्याला मोबदला मिळतो, त्याच्या मुखातून त्या यंत्राचा दोष बाहेर पडावा अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याने आपल्या अन्नदात्याविरुद्ध साक्ष द्यावी असे म्हणण्यासारखे आहे. असा मनुष्य खोटेच बोलतो असे माझे म्हणणे नाही. परंतु जे बोलावयाचे ते बोलून आणि जे अडचणीचे ते गाळून एखाद्या वस्तूचे जे चित्र तो उभे करतो, ते प्रत्येक वाक्यापुरते खरे असूनही एकंदरीत दिशाभूल करणारे ठरू शकते. त्या सल्ल्याचे पैसे आपण दिले नाहीत म्हणजे ते कोणीच दिले नाहीत असे नव्हे. ते विक्रेत्याने दिले आणि वस्तूच्या किमतीत मिळवून अखेर आपल्याकडूनच वसूल केले.

निःपक्ष मोजणीसाठी पैसे मोजण्याची रीत आपल्या घराला नवीन नाही. हळद वा सोयाबीन घेऊन आपण वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजार समितीत जातो, तेव्हा माल तोलणारा मापाडी समितीचा परवाना घेतलेला असतो, आणि पट्टीतून तोलाई वजा होते त्याबद्दल आपण कधी तक्रार करीत नाही. घेणाऱ्याच्या हाती काटा देऊन तोलाईचे चार पैसे वाचविण्यात काय जाते, हे आपल्या वाडवडिलांनी पुरते ओळखलेले होते. वऱ्हाडात तर 1897 सालीच कापूस व धान्याच्या बाजारांसाठी कायदा होऊन बाजारावर देखरेख करणाऱ्या समित्या नेमण्याची तजवीज झाली. माल विकताना ज्या तत्त्वाचा आपण एवढा आग्रह धरतो, ते माल विकत घेताना विसरावे, यात मला विसंगती दिसते.

वस्तूंच्या परीक्षेची ही तोलाई ग्राहकांनी आपापसात वर्गणी काढून भरावी, ही कल्पना जगात चांगलीच रुजलेली आहे. अमेरिकेत 1936 साली कन्झ्युमर्स युनियन या नावाने स्थापन झालेली संस्था आपल्या नियतकालिकात जाहिरात घेत नाही, आणि तपासावयाच्या वस्तू कारखानदाराकडून भेट म्हणून न स्वीकारता सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे बाजारातून विकत घेते. विलायतेत 1957 साली ‘विच’ हे मासिक याच हेतूने निघाले. आणि जर्मनीत तर 1964 साली सरकारनेच अशी स्वतंत्र परीक्षासंस्था स्थापन करून तिला द्रव्यसाहाय्य दिले. आपल्याकडे मुंबईत 1966 साली काही गृहिणींनी पुढाकार घेऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी उभारली आणि ‘कीमत’ हे नियतकालिक चालविले. अहमदाबादेत 1978 साली मनुभाई शहा यांनी ग्राहकांच्या शिक्षणासाठी व संशोधनासाठी केंद्र काढले, ज्याने पुढे स्वतःची प्रयोगशाळाही उभी केली. आणि 1983 साली दिल्लीत निघालेल्या कन्झ्युमर व्हॉइस या संस्थेने एकाच प्रकारच्या अनेक वस्तू शेजारी शेजारी ठेवून तपासण्याचे काम हाती घेतले. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली जी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि जिच्यातून पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तिचा मार्ग याहून निराळा, पण मला अतिशय आदरणीय वाटतो. तेथे कुटुंबांनी संघ करून महिन्याच्या जिनसांची एकत्र मागणी नोंदवावी, सभासदांपैकीच कार्यकर्त्यांनी नमुने पारखून घाऊक खरेदी करावी, आणि माल आपसात वाटून घ्यावा, अशी पद्धत पडली. ज्याला परीक्षेचे मोल रोख देणे परवडत नाही त्याला ते श्रमाच्या रूपाने देता येते, हे त्या कुटुंबांनी दाखवून दिले.

फुकटच्या अभिप्रायांविषयी सरकारही आता गाफील राहिलेले नाही. 2022 साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आपला आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक आहे. आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोने ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानक प्रसिद्ध केले, पण त्याचे पालन ऐच्छिक ठेवले. जेथे कायद्याला मध्ये पडावे लागले, तेथे रोग खरा होता असे समजावे. अशा अभिप्रायांतून वस्तूचा आकार, तिचा आवाज, ती जोडून देण्यास माणूस वेळेवर आला की नाही, अशा गोष्टी अवश्य जाणून घ्याव्यात. परंतु पाण्यातील कोणता क्षार किती निघतो, किंवा इंजिन तासाला किती डिझेल पिते, हे सांगण्यासाठी जी उपकरणे लागतात ती अभिप्राय लिहिणाऱ्यापाशी नसतात.

आता ट्रॅक्टरकडे वळतो, आणि येथे माझा सल्ला तुला कदाचित अनपेक्षित वाटेल. ट्रॅक्टरच्या परीक्षेसाठी तू कोणालाही वर्गणी देऊ नयेस, कारण ती परीक्षा जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थेत अगोदरच झालेली असते. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात बुदनी येथे 1955 पासून केंद्र सरकारची शेतीयंत्रांची प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तेथे ट्रॅक्टरच्या पीटीओची, म्हणजे जोडयंत्रे फिरविणाऱ्या दांड्याची, शक्ती मोजतात, ओढण्याची ताकद मोजतात, हायड्रोलिकने किती वजन उचलले, ब्रेक किती अंतरात लागले, हे नोंदवितात; प्रत्यक्ष रानात नांगरट करून जमिनीचा प्रकार, ओल, खोली, वेग आणि तासाला लागलेले इंधन यांची नोंद ठेवतात; आणि शेवटी यंत्र खोलून भागांची झीज तपासतात. हे अहवाल पाहावयास मिळतात. तेव्हा ज्या मॉडेलवर दादाचे मन बसले असेल त्याचा अहवाल विक्रेत्याजवळ नावानिशी मागावा, आणि तो देण्यास कोणी टाळाटाळ केली तर त्या टाळाटाळीचीही मनात नोंद करावी. परीक्षेचे शुल्क तेथे कारखानदार भरतो हे खरे आहे, म्हणून तपासलेला नमुना त्यानेच निवडून धाडला होता की चालू उत्पादनातून उचलला होता, हेही वाचताना पाहावे.

अहवालातल्या एका आकड्याचे वजन किती असते ते तुला हिशेबाने दाखवितो. समज, दोन ट्रॅक्टरांपैकी एकाला सारख्याच कामासाठी तासाला अर्धा लिटर डिझेल अधिक लागते, आणि आपले यंत्र वर्षाकाठी 500 तास चालते. म्हणजे वर्षाला 250 लिटर डिझेल जादा गेले. लिटरला 90 रुपये धरले तर 22,500 रुपये, आणि दहा वर्षांत 2,25,000 रुपये. विक्रेत्याशी तासन्‌तास घासाघीस करून जी सूट पदरात पडते, तिच्याहून ही रक्कम कितीतरी मोठी आहे. तरीही लोक सुटीसाठी भांडतात आणि अहवालाचे पान उलटण्याचा कंटाळा करतात.

मात्र कोणत्याही अहवालाला आपले रान ठाऊक नसते. मृगाच्या पावसानंतर आपल्या काळ्या जमिनीत चाक कसे रुतते, हळदीच्या गादीवाफ्यांमधून कोणत्या रुंदीचे यंत्र चालते, ऐन पेरणीत सुटा भाग वसमतला त्याच दिवशी मिळतो की चार दिवस वाट पाहावी लागते, या गोष्टी बुदनीच्या दप्तरात सापडणार नाहीत. त्यासाठी ज्यांच्या दारात तोच ट्रॅक्टर तीनचार हंगाम चाललेला आहे अशा शेतकऱ्यांना दादाने गाठावे. आणि कोणत्याही एका दुकानाशी बांधलेला नाही अशा जाणत्या मिस्त्रीला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन त्याचे मत घ्यावे. जुना ट्रॅक्टर घेण्याचा विचार झालाच तर या मजुरीत तिळमात्र काटकसर करू नये, कारण तेथे कारखान्याच्या नमुन्याचा अहवाल काहीच सांगत नाही. गावकीत असे मत फुकट मागण्याची आपल्याला सवय आहे. पण ज्याचे ज्ञान आपण वापरले त्याला त्याचा मेहनताना दिला म्हणजे तो संकोच न धरता खरे बोलतो.

पुण्यातील बिऱ्हाडाच्या वस्तूंची गोष्ट वेगळी, आणि तेथे वर्गणी भरण्यास माझी पूर्ण संमती आहे. फ्रीजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित पट्टी असते. तिच्यावरचे तारे तेवढे न पाहता वर्षाला लागणारे युनिट आणि पट्टीचे सालही वाचावे, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत जातात. आयएसआय चिन्ह असेल तर वस्तूने ठरलेली किमान पात्रता गाठली एवढे कळते. पात्र ठरलेल्या दहांपैकी कोणती सरस, हे त्या चिन्हाला सांगावयाचे नसते. तुलनात्मक परीक्षेची खरी गरज येथे पडते, आणि पाण्याच्या यंत्रासारख्या, ज्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याचा परिणाम लेकरांच्या प्रकृतीवर होतो अशा वस्तूच्या बाबतीत तर ती विशेषच आहे. पैसे भरण्यापूर्वी मात्र त्या संस्थेची शहानिशा करावी: ती जाहिराती घेते काय, वस्तू स्वतः विकत घेते काय, कोणत्या प्रयोगशाळेत कोणत्या कसोट्या लावल्या ते उघड करते काय, आणि तुला हवी असलेली मॉडेले तिने अलीकडे तपासली आहेत काय. दोन वर्षांपूर्वीच्या, आता बाजारात नसलेल्या मॉडेलांचा अहवाल कितीही प्रामाणिक असला तरी तुझ्या उपयोगाचा नाही. तेव्हा आधी सूची पाहावी आणि मग वर्गणी भरावी. उशी, बादली, इस्त्री यांसारख्या अल्प किमतीच्या वस्तूंसाठी या खटाटोपात पडू नये. त्यांतील चूक सोसवते आणि ती लवकर कळतेही.

यापलीकडे एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परीक्षेचा खर्च मोठा असतो. निष्कर्ष मात्र एकाने विकत घेतला की दहा जणांत फुकट फिरतो. त्यामुळे प्रत्येकाने शेजाऱ्याच्या वर्गणीवर भागविण्याचे ठरविले तर प्रयोगशाळा बंद पडतात, किंवा ज्यांच्या मालाची परीक्षा करावयाची त्यांच्याच आश्रयाला जातात. आणि मग पैसे देण्याची तयारी असणाऱ्यालाही निःपक्ष मत मिळेनासे होते. तुला आता बरे वेतन मिळते. ज्याला वर्गणी परवडते त्याने ती भरणे हा त्याच्या स्वतःच्या खरेदीचा विमा तर आहेच, परंतु ज्याला ती परवडत नाही त्या आपल्या गावातल्या माणसासाठी परीक्षक जिवंत ठेवण्याचे ते कर्तव्यही आहे. म्हणून एखाद्या वर्षी घरात काही मोठी खरेदी नसली तरी अशा एखाद्या संस्थेचे सभासदत्व चालू ठेवावेस, असे माझे तुला आग्रहाचे सांगणे आहे.

खरेदीनंतर पक्की पावती, हमीपत्र आणि अनुक्रमांकाचा कागद या तिन्हींच्या प्रती दादाकडे व तुझ्याकडे ठेवाव्यात. वाद उद्भवलाच तर 1986 च्या कायद्याची जागा घेणारा 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या पाठीशी आहे. परंतु न्याय मागावयास दस्तऐवज लागतो, आणि पेरणीचा हंगाम निकालासाठी थांबत नाही, म्हणून खरा सांभाळ खरेदीपूर्वीच केलेला बरा. बुदनीचा अहवाल मिळाला की त्याची एक प्रत मलाही धाड; दादा आणि मी बसून इंधनाचे व हायड्रोलिकचे आकडे काढू आणि आपल्या रानाशी ताडून तुला कळवू. काकूची प्रकृती ठीक आहे. सूनबाईस व मुलांस आशीर्वाद.

तुझा,
काका